मोटारीत पाणी का भरतात?

गेल्या रविवारी शेजारच्या घरातील मुलगी आमच्याकडे आली. तिने यंदाच मेकॅनिकल शाखेची पदवी घेतली असून पुण्याजवळच्या एका कारखान्यात तिची मुलाखत ठरली आहे. मोबाईलमध्ये मुलाखतीच्या पाचशे प्रश्नोत्तरांची एक पीडीएफ होती आणि त्यातले कोणते दीडशे प्रश्न पाठ केले म्हणजे भागेल, एवढेच तिला माझ्याकडून हवे होते. "दादा, तुम्हीच मुलाखती घेता, मग तुम्हाला माहीत असणार," असे ती म्हणाली. सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात मी काम करतो, तेथे दरवर्षी नवे प्रशिक्षणार्थी अभियंते निवडताना मलाही बसवतात, हे खरे आहे. परंतु तिला उत्तर देण्यापूर्वी मला आठवली ती 2012 सालची एक सकाळ, जेव्हा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो होतो आणि माझी दांडी साफ उडाली होती.

तेव्हा मी पिंपरीत कॉट बेसिसवर राहत होतो. एका खोलीत पाच जण, पाचही सांगली-साताऱ्याचे, आणि पाचांत मिळून इस्त्रीचा एकच चांगला पांढरा शर्ट, अशी परिस्थिती होती. चाकणच्या एका कारखान्यात मुलाखतीसाठी बोलावणे आले. मी थर्मोडायनॅमिक्सचे तिन्ही नियम, ओटो आणि डिझेल सायकल, लोखंड-कार्बनचा आलेख, सगळे तोंडपाठ करून गेलो होतो. समोर तिघे होते. त्यांच्यातल्या वयस्क गृहस्थांनी माझा रेझ्युमे उलटा करून ठेवला आणि विचारले, "वडील काय करतात?"

"शेती करतात, सर. डिग्रजला नदीकाठी मळीची जमीन आहे. ऊस असतो."

"पाणी कुठून घेता?"

"कृष्णेवरून. पाच एचपीची मोटार आहे."

"सुरू करताना काय करता?"

"आधी मोटारीत पाणी भरतो, सर." हे सांगताना माझा जीव भांड्यात पडला होता, कारण पुढचा प्रश्न प्रायमिंगचा येणार हे उघड होते आणि त्याची व्याख्या मला पाठ होती. ती मी सांगितली: पंपातील आणि सक्शन पाईपमधील हवा बाहेर काढून तेथे पाणी भरण्याच्या क्रियेला प्रायमिंग म्हणतात.

"हवा राहिली तर काय होईल?"

"पंप पाणी उचलणार नाही."

"एवढे तर तुमचे वडीलही सांगतील. का उचलणार नाही, ते इंजिनिअरने सांगायचे."

मी गप्प झालो. लहानपणापासून दर उन्हाळ्यात मी त्या मोटारीत कळशीने पाणी ओतलेले होते. रात्रीची लाईट असली की वडिलांबरोबर बॅटरी घेऊन नदीवर जात होतो. फुटवॉलमध्ये, म्हणजे पाईपच्या पाण्यातल्या टोकाला असलेल्या झडपेत, जिला आमच्याकडे सगळे सरळ 'फुटबॉल' म्हणतात, त्यात काडी-कचरा अडकला की भरलेले पाणी खालून गळून जाते आणि मोटार हवा धरते, हेही मला ठाऊक होते. चार वर्षे पुस्तकातून शिकलेला सेंट्रिफ्युगल पंप आणि आमच्या मळीतली मोटार ही एकच वस्तू आहे, हे मात्र त्या खुर्चीत बसेपर्यंत माझ्या डोक्यात कधी नीट शिरले नव्हते.

उत्तर अवघड नव्हते. पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतले पात्यांचे चाक, ठरावीक वेगाने फिरत असताना जो द्रव किंवा वायू त्याच्यात असेल, त्याचा ठरावीक मीटर उंचीचा स्तंभ उभा करण्याइतकी ताकद त्याला देतो. समजा, पंप 30 मीटर हेडचा, म्हणजे 30 मीटर उंचीचा स्तंभ उभा करणारा आहे. आत पाणी असेल तर 30 मीटर पाण्याइतका दाब तयार होतो आणि आत हवा असेल तर 30 मीटर हवेइतका. एक घनमीटर पाण्याचे वजन 1000 किलो आणि तेवढ्याच हवेचे जेमतेम सव्वा किलो, त्यामुळे 30 मीटर हवेचा स्तंभ पाण्याच्या भाषेत चार सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. पाच मीटर खालचे पाणी वर येण्यासाठी पंपाच्या तोंडाशी जी पोकळी निर्माण व्हायला हवी, ती दोन बोटे पाणी उचलणाऱ्या यंत्राकडून कशी होणार? मोटार फिरत राहते, आवाज करते, पाणी येत नाही.

हे एकदा उमगले की पुढचे तीन-चार प्रश्न आपोआप सुटतात. पंप पाणी 'ओढत' नाही. तो तोंडाशी दाब कमी करतो आणि नदीच्या पृष्ठभागावरचा हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे 10.3 मीटर पाण्याइतका असतो, म्हणून त्याहून खोल असलेले पाणी कितीही एचपीची मोटार वरून खेचू शकत नाही. पाईपमधले घर्षण, फुटवॉलचा अडथळा आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे होणारी घट वजा केली की हाताशी सहा-सात मीटर उरतात. माझे वडील हे मीटरमध्ये सांगत नाहीत. "बावीस फुटाच्या वर ठेवली की तिला दम लागतो," असे ते म्हणतात, आणि मे महिन्यात नदी खाली गेली की मोटार उतरणीवरून खाली सरकवतात. पाणी फार खोल गेले तर पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज येतो, हेही त्यांना माहीत आहे. तोंडाशी दाब इतका घटतो की पाणी थंड असतानाच त्याच्या वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे जास्त दाबाच्या जागी ते फुटतात; त्यालाच पुस्तकात कॅव्हिटेशन म्हणतात. ती नोकरी मला मिळाली नाही. गावाकडे परतताना एसटीत सातारा येईपर्यंत मी हेच कागदावर मांडत होतो.

ज्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे, जेथे 1910 पासून कारखाना उभा आहे आणि जेथून गेलेले पंप गावोगावच्या विहिरींवर बसले, त्या जिल्ह्यातल्या मुलाची या प्रश्नावर अशी अवस्था व्हावी, याची मला आजही थोडी लाज वाटते.

म्हणून शेजारच्या मुलीला मी पीडीएफ बाजूला ठेवायला सांगितली आणि तिचा रेझ्युमे मागितला. दोन पानांच्या त्या कागदावर ऑटोकॅड, कॅटिया, ॲन्सिस अशी सॉफ्टवेअरची ओळीने नावे होती. ॲन्सिसमध्ये काय केले, असे विचारल्यावर प्रोजेक्टमधल्या एका ब्रॅकेटवरचा ताण काढला, असे ती म्हणाली. मेश, म्हणजे हिशेबासाठी भागावर पाडलेले छोट्या तुकड्यांचे जाळे, किती बारीक केल्यावर उत्तर बदलायचे थांबले, या प्रश्नावर ती माझ्याकडे पाहतच राहिली. रंगीत चित्र आले म्हणजे काम झाले, अशी तिची समजूत होती, आणि यात तिचा दोष फारसा नाही, कारण तिला तसेच करून दाखवले गेले होते. पण मुलाखत घेणारा माणूस रेझ्युमेवरच्या ज्या शब्दावर बोट ठेवेल त्याच्याखाली निदान तीन पायऱ्या उतरता आल्या पाहिजेत. ज्या शब्दाखाली एकही पायरी नाही तो शब्द कागदावरून काढून टाकलेला बरा. तिने माझ्यासमोरच दोन सॉफ्टवेअरची नावे खोडली.

प्रोजेक्टच्या बाबतीत मी स्वतःचीच फजिती सांगितली. आमच्या चौघांच्या गटाने उसाच्या पाचटाचे तुकडे करणारे यंत्र केले होते. आराखडा आमचा होता, परंतु सांगाडा एका वर्कशॉपमध्ये जोडून घेतला होता आणि जोडकाम चालू असताना आम्ही चौघेही बाहेर चहा पीत होतो. पुढे दुसऱ्या एका मुलाखतीत "वेल्डिंगला कोणता रॉड वापरला?" असे विचारले गेले, तेव्हा पुन्हा मौन. त्यानंतर मात्र मी त्या वर्कशॉपमध्ये परत गेलो. वेल्डरने न थांबता सांगितले, "सहा हजार तेरा." त्या आकड्यांचा अर्थ मी घरी येऊन शोधला: पहिले दोन अंक म्हणजे जोडाची किमान ताण-शक्ती, दर चौरस इंचाला 60 हजार पौंड, तिसरा 1 म्हणजे कोणत्याही स्थितीत, अगदी डोक्यावरसुद्धा, वेल्डिंग करता येते, शेवटचा अंक रॉडवरच्या लेपाचा आणि त्याला लागणाऱ्या करंटचा. आकडा वेल्डरला माहीत होता, त्याचा अर्थ पुस्तकाला माहीत होता, आणि त्या दोघांच्या मध्ये ज्याने उभे राहायचे तो मी चहा पीत होतो. आजकाल तयार प्रोजेक्ट विकत घेण्याची पद्धत बोकाळली आहे. तशी मुले समोर आली की दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नातच कळते, आणि मग मुलाखतीची उरलेली पंधरा मिनिटे दोन्ही बाजूंना जड जातात.

आमच्याकडच्या मुलाखतीत मी टेबलावर एक व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याची सरकती पट्टी, आणि एक बुश, म्हणजे आरपार भोकाची धातूची नळी, ठेवतो. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारे सर्वांत लहान माप, बहुतेकांना सांगता येतो: मुख्य पट्टीवरचे 49 मिलिमीटर व्हर्नियरवर 50 भागांत विभागलेले असतात, म्हणून 0.02 मिलिमीटर. तो हातात धरून झिरो एरर, म्हणजे मिटल्यावर तो बरोबर शून्य दाखवतो का, हे पाहणारे मात्र दहात तीन निघतात. मग मी बुशचे ड्रॉइंग पुढे सरकवतो, ज्यावर भोकाचे माप 25 एच7 असे दिलेले असते. त्याचा अर्थ भोक 25.000 ते 25.021 मिलिमीटरच्या दरम्यान असले पाहिजे. माझा प्रश्न एवढाच असतो की हे भोक या व्हर्नियरने तपासाल का. मापाला मिळालेली मोकळीक 21 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि हातातल्या उपकरणाचे सर्वांत लहान पाऊल 20 मायक्रॉन, हे दोन आकडे ज्याने शेजारी ठेवून पाहिले, तो "नाही सर, बोअर गेज किंवा गो-नोगो प्लग गेज लागेल," असे आपण होऊन म्हणतो; ही दोन्ही भोक तपासण्याची अधिक अचूक साधने आहेत. गुणपत्रिकेवर काय आहे ते मी त्यानंतर पाहतो.

भाषेचा प्रश्न आमच्याकडे सर्वांना छळतो, कारण दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुले इंग्रजीत विचार करायला जातात आणि विषय येत असूनही अडखळतात. यावर मला उपयोगी पडलेला उपाय उलटा होता. मी प्रत्येक उत्तर प्रथम मराठीत, घरातल्या माणसाला समजेल असे, मोठ्याने सांगत असे. रात्री गच्चीवर मोबाईलमध्ये ते रेकॉर्ड करून ऐकत असे. जेथे मराठीतही वाक्य अडायचे तेथे अडचण इंग्रजीची नसून समजुतीची आहे, हे लगेच उघडे पडायचे. समज पक्की झाल्यावर तेच उत्तर लहान लहान इंग्रजी वाक्यांत सांगणे आठवडाभरात जमू लागले. 'स्वतःबद्दल सांगा' या पहिल्या प्रश्नालाही हेच लागू आहे. गाव, शाळा, आई-वडील, छंद अशी यादी म्हणण्यापेक्षा आपण हाताने केलेल्या एका कामाबद्दल दोन मिनिटे बोलावे, म्हणजे पुढचे प्रश्न आपल्या ओळखीच्या वाटेवर येतात.

ॲप्टिट्यूडची चाचणी हा सरावाचा भाग आहे, रोज तासभर गणिते सोडवली की महिन्यात होते. कपड्यांविषयी एवढेच की ते धुतलेले असावेत. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या बाँडवर सही करण्याआधी तो पूर्ण वाचावा, आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतो असे कोणी म्हणाले तर तेथून उठावे. नोकरीला उशीर होत असेल तर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील पदवीधरांची एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी कमीपणाची समजू नये. विद्यावेतन थोडे असते, पण पुढच्या मुलाखतीत सांगायला वर्षभराचे खरे काम हाताशी असते.

हे सर्व ऐकून ती म्हणाली, "पण दादा, आमच्याकडे शेती नाही. मोटार वगैरे मी पाहिलेलीच नाही." तिच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. लहानपणापासून ती गल्ल्यावर बसून डबे मोजून घेत आली आहे, आणि तरीही तिला असे वाटत होते. मी तिला गिरणीतल्या दोन्ही पुल्यांचे व्यास मोजून आणायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वहीसह हजर झाली. मोटारीची पुली 5 इंच, दगडाची 12 इंच, मोटारीच्या पाटीवर 1440 फेरे. त्यावरून दगड मिनिटाला 600 फेरे घेतो, हे तिने स्वतःच काढले होते. चार पोलच्या मोटारीचे 50 हर्ट्झला 1500 फेरे का होत नाहीत, हे विचारायला मी तोंड उघडले, तर स्लिपची, म्हणजे मोटारीचा फिरता भाग चुंबकीय क्षेत्राच्या थोडा मागे का राहतो याची, सबंध हकीकत तिने मराठीत सांगून टाकली. त्यानंतर तिनेच मला विचारले, "पट्टा सैल झाला की आधी कोणती पुली तापते, सांगा." मी उत्तर देणार तोच ती म्हणाली, "लहान. गिरणी बंद झाल्याबरोबर बाबांनी मला हात लावून बघायला सांगितलं. लहान पुलीला पट्टा कमी वेढतो, म्हणून तो तिथंच आधी घसरतो." तिची मुलाखत येत्या गुरुवारी आहे.