शेळीचा प्लाझ्मा तयार करताना: माझा अनुभव

शेळीचं रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे मला पीएचडीसाठी मोजायचं होतं. त्यासाठी आपल्या विदर्भातल्या बेरारी शेळीचाच प्लाझ्मा, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा द्रव, हवा होता, म्हणून तो नागपुरातच स्वतः तयार करायचं ठरवलं.

आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी घेतली. किती रक्त काढणार, का काढणार, प्राण्यावाचून भागणार नाही का, हे सगळं 'फॉर्म बी'मध्ये लिहावं लागतं. 25 किलोच्या शेळीच्या अंगात साधारण पावणेदोन लिटर रक्त असतं. त्याचा दहावा हिस्सा ही एका वेळची वरची मर्यादा धरतात. माझी गरज त्याहून पुष्कळ कमी होती. जनावराच्या बाजूने कोणीतरी हिशेब मागतं, याचं मला समाधान वाटलं.

उन्हाळा असल्याने रक्त सकाळीच काढायचो. शेळ्या सांभाळणारे मामा म्हणाले, "ताई, तिले आधी शांत होऊ द्या." त्यांचं खरंच होतं. घाबरलेल्या शेळीत रक्त गोठण्याची क्रिया बदलते, आकडे चुकीचे येतात. मामा तिची मान अलगद वर धरत, मी अंगठ्याने शीर दाबून सुई घालायची. सिरिंजचा दट्ट्या अगदी सावकाश ओढायचा. जोरात ओढला की तांबड्या पेशी फुटतात आणि प्लाझ्मा गुलाबी होतो.

ट्यूबमध्ये 3.2 टक्के सोडियम सायट्रेट: 1 भाग सायट्रेट, 9 भाग रक्त. सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून ट्यूबमध्ये रक्त गोठत नाही. चाचणीत कॅल्शियम परत घातलं की गोठणं सुरू होतं. रक्त कमी पडलं तर सायट्रेट जास्त होतं आणि वेळ उगाच लांबलेला दिसतो. म्हणून मी खुणेपर्यंत भरलेलीच ट्यूब घ्यायचे.

शेळीच्या तांबड्या पेशी फार लहान, माणसाच्या जवळपास निम्म्या व्यासाच्या. ट्यूब नुसती उभी ठेवली तर तासन्‌तास खाली बसत नाहीत, ट्यूब वेगाने फिरवणारं सेंट्रिफ्यूज लागतंच. 1500 जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 1500 पट जोर), 15 मिनिटं. वरचा प्लाझ्मा काढताना तांबड्या पेशींवरच्या पांढरट थराजवळचा थोडा तसाच सोडायचा, आणि काढलेला पुन्हा एकदा फिरवायचा, म्हणजे प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) राहत नाहीत.

मग अर्धा-अर्धा मिली करून, शेळीचा क्रमांक आणि वेळ लिहून उणे 80 अंशांवर. वापरताना 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये पटकन वितळवते. फ्रिजमध्ये हळूहळू वितळवला तर काही गोठणारी प्रथिनं साक्यासारखी वेगळी होतात. उरलेला परत गोठवत नाही, टाकून देते.