एलएसयू २०१९ नोंदवही: या खेपेला डोळे रनिंग बॅकवर

अमेरिकन फुटबॉलमधल्या एलएसयूचे (लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संघाचे) २०१८ आणि २०१९चे सामने शेजारी-शेजारी ठेवून एकेक स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारा डाव) नोंदवायचं काम आता बरंच पुढे सरकलंय. मोठे आकडे तुम्हाला पाठ असतीलच. क्वार्टरबॅक (पास फेकणारा) जो बरोने २०१८मध्ये १६ टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणारे) दिले, पुढच्या वर्षी ६०. पासची अचूकता ५७.८ टक्क्यांवरून ७६.३वर गेली. मुख्य कोच एड ओजरॉन तेच, ऑफेन्सचे (आक्रमणाचे) कोच स्टीव्ह एन्समिंगर तेच. नवा कोच आला तो जो ब्रेडी, तिशीही न गाठलेला, न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघात कोच शॉन पेटनच्या हाताखाली तयार झालेला.

चर्चा कायम बरोची होते आणि ती रास्तच आहे. पण या वेळी मी प्रत्येक स्नॅपला आधी रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) कुठे उभा आहे ते लिहीत गेलो, आणि आता माझं मत पक्कं झालंय: ब्रेडीसोबत आलेली ही नवी पद्धत रनिंग बॅक क्लाईड एडवर्ड्स-हेलेअरवर उभी होती.

का ते सांगतो. शॉटगन (क्वार्टरबॅक काही पावलं मागे उभा), तीन रिसीव्हर (पास झेलणारे), एक टाइट एंड (झेलणारा आणि अडवणाराही), एक बॅक. हडल (डावाआधीचा घोळका) बहुतेक नाहीच, त्यामुळे समोरच्यांना माणसं बदलायला उसंत मिळत नाही. एका स्नॅपला एडवर्ड्स-हेलेअर बरोच्या शेजारी असतो, पुढच्याला चालत बाहेर जाऊन रिसीव्हरच्या जागी उभा राहतो. आता पाहा, त्याच्यामागे लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला) बाहेर गेला तर बहुधा मॅन कव्हरेज (प्रत्येकाने एकेक माणूस धरायचा). लाइनबॅकर आतच थांबला आणि बाहेर कॉर्नर (कडेचा बचावपटू) राहिला तर बहुधा झोन (प्रत्येकाने एकेक जागा राखायची). चेंडू हातात यायच्या आधीच बरोचं निम्मं काम झालेलं असतं. अर्थात बाहेर गेलेल्या बॅकला खरंच झेल घेता आला पाहिजे, नाहीतर कोण कशाला त्याच्यामागे जाईल? २०१८मध्ये त्याचे झेल होते ११, २०१९मध्ये ५५.

याची किंमतही आहे. बॅक बाहेर गेला की बरोला राखायला फक्त पाच लाइनमन (पुढच्या फळीतले) उरतात. सहावा माणूस धावून आला तर त्याला अडवायला कुणी नाही, पास त्याच्याआधी सुटलाच पाहिजे. त्या वर्षी सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनचा जो मूर अवॉर्ड एलएसयूच्या लाइनला मिळाला, तो उगाच नाही.

अलाबामाविरुद्धचे दोन सामने लागोपाठ बघाच. २०१८मध्ये घरच्या मैदानावर ०-२९, धावून मिळवलेले यार्ड अवघे १२. २०१९मध्ये अलाबामाच्या घरी, टस्कलूसात, ४६-४१ने विजय. त्यात एडवर्ड्स-हेलेअरचे धावून १०३ यार्ड, झेलून ७७ आणि एकूण चार टचडाऊन.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र ऑबर्नच्या सामन्याने. ऑबर्नने पुढे तीनच लाइनमन ठेवले, एक लाइनबॅकर आणि मागे सात डिफेन्सिव्ह बॅक. फलंदाज सुटलाय म्हणून कॅप्टनने सगळे सीमारेषेवर पाठवावेत, तसंच. मग एकेरी-दुहेरीच काढायच्या. बॉक्समध्ये (लाइनच्या अगदी समोर) माणसं कमी दिसली की चेंडू बॅकच्या हातात: २६ वेळा, १३६ यार्ड. स्कोअर २३-२० एवढाच, पण नवी पद्धत खरी मुरलीय हे मला इथे दिसलं. ६० टचडाऊनवाल्या संघाने पासचा हट्ट धरला नाही, समोरची माणसं मोजली आणि त्याप्रमाणे खेळला. सप्टेंबरमध्ये ऑस्टिनला टेक्सासविरुद्ध थर्ड डाऊनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) १७ यार्ड हवे असताना, ब्लिट्झच्या (जादा माणसं धावून येण्याच्या) तोंडावर बरोने रिसीव्हर जस्टिन जेफरसनला दिलेला ६१ यार्डांचा टचडाऊन पास सगळ्यांना आठवतो. ऑबर्नच्या त्या चार-चार, पाच-पाच यार्डांच्या धावा कुणी आठवत नाही.

माझ्या मताला धक्का देऊ शकेल असा एक सामना अजून नोंदवायचा राहिलाय: ओक्लाहोमाविरुद्धचा पीच बोल (राष्ट्रीय विजेतेपदाची उपांत्य फेरी), ६३-२८. एडवर्ड्स-हेलेअर हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीमुळे जवळपास खेळलाच नाही, तरी बरोने पहिल्या हाफमध्येच सात टचडाऊन पास दिले. त्या दिवशी बाहेर कोण उभं राहत होतं आणि त्याच्यामागे लाइनबॅकर जात होता का, ते पुढच्या नोंदीत. तुमच्यापैकी कुणी तो सामना आधीच स्नॅपनुसार उतरवला असेल, तर तुमची नोंद माझ्या नोंदीशी ताडून बघायला फार आवडेल.