आधी गुरुवार पक्का केला, मग विमान

साताऱ्यात राजवाड्याजवळ माझं ट्रॅव्हलचं ऑफिस आहे, अष्टविनायक, चारधाम, दुबई हे नेहमीचं काम, पण गेल्या मे महिन्यात एमआयडीसीतल्या एका कारखानदार साहेबांनी आईला चार्टर, म्हणजे अख्ख्या भाड्याने घेतलेल्या विमानाने युरोपला न्यायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. आजी ऐंशीच्या पुढच्या, गुडघे पार गेलेले, विमानं बदलत पंधरा-सोळा तास बसणं शक्यच नव्हतं. नातवंडांच्या डोक्यात पॅरिस आणि शॉपिंग. मी ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नासाठी, तिथल्या चित्रांच्या म्युझियमसाठी हट्ट धरला कारण आजींचं माहेर औंध, तिथल्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभं केलेलं भवानी संग्रहालय त्यांनी लहानपणापासून बघितलेलं, तिथली रविवर्म्याची चित्रं त्या अजून वर्णन करून सांगतात. अशा बाईला पॅरिसच्या लूव्र म्युझियमच्या गर्दीत कशाला ढकलायचं?

प्रायव्हेट जेट म्हटलं की लोकांना वाटतं दारातून उडायचं. कराडची धावपट्टी एवढ्या मोठ्या जेटला पुरत नाही, पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा, म्हणजे मुंबईच. तिथेही गर्दीच्या वेळेत खाजगी विमानांवर बंधनं असतात म्हणून पहाटेचा स्लॉट घेतला आणि रात्रीच खंबाटकी उतरलो. व्हिसा तर सगळ्यांसारखाच लागतो. बायोमेट्रिकला आजींचे ठसेच उठेनात, आयुष्यभर खुरपणी-भांगलणी केलेली बोटं ती, शेवटी जेवढे आले तेवढे घेतले, नियमात तशी सोय आहे. आणि कंदी पेढे! सूनबाईंनी डबे भरून घेतलेले, पण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत, म्हणून ते विमानातच संपवले, पायलटलाही दिले.

तारीख मात्र मी गुरुवारचीच घेतली होती कारण व्हिएन्नाचं कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. मेमध्ये तिथली वेळ आपल्या साडेतीन तास मागे, त्यामुळे मुंबईहून पहाटे निघून आम्ही दुपारच्या आत तिथे पोचलो, आजी हॉटेलात झोपल्या, आणि संध्याकाळी व्हीलचेअरवरून ब्रूगेल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराच्या दालनात. त्याची बारा चित्रं आहेत तिथे, जगात दुसरीकडे कुठे एवढी नाहीत.

‘शेतकऱ्यांचं लग्न’ या चित्रासमोर खुर्ची थांबवली. 1567 च्या सुमाराचं चित्र, खळ्याच्या कोठारात पंगत बसलीय, मागे पेंढ्यांची थप्पी, नवरी डोक्यावर मुकुट घालून गप्प बसलेली, पुढे एक पोरगं मोठी टोपी घालून वाटी चाटतंय. आजी बराच वेळ बोलल्याच नाहीत आणि मग म्हणाल्या, "आगं, दार काढलंय न्हवं बिजागरीतनं! त्यावरनं वाढत्यात!" खरंच तसंच आहे, दोघं जण काढलेल्या दारावर थाळ्या ठेवून आणतायत. मग त्यांनी नवरा कुठाय ते शोधायला सगळ्यांना लावलं. गाईडने सांगितलं की नवरा नेमका कोणता यावर अभ्यासकांचंही एकमत नाही, तर आजींना ते अजिबात पटलं नाही, त्यांनी एक निवडलाच.

साहेब इतका वेळ फोनवर होते, ते ‘बर्फातले शिकारी’पाशी थांबले. 1565 चं हे चित्र निक्लास योंगेलिंक नावाच्या अँटवर्पच्या व्यापाऱ्याने घरासाठी करून घेतलेल्या मालिकेतलं, आणि पुढच्याच वर्षी त्याने मित्राच्या देण्यापोटी स्वतःकडची ब्रूगेलची सोळा चित्रं तारण दिली. हे ऐकून साहेबांनी फोन खिशात टाकला. मित्रासाठी तारण म्हणजे काय हे त्यांना कोणी समजवायची गरज नव्हती. घंटा होईपर्यंत आम्ही त्याच दालनात, बाकीचं म्युझियम राहिलं तर राहिलं, मला त्याचं काही वाटलं नाही. कोटीच्या वर खर्च करून जो वेळ वाचवायचा तो असा एका भिंतीसमोर घालवायला मिळावा, माझी तरी याच कामावर श्रद्धा आहे.

जेवणाचं मी आधीच मेलवर कळवलं होतं, आजी माळकरी, तेव्हा मांस, मासे, अंडं आणि चिकनचा स्टॉकही नको. तिथे हे सोपं नाही, साखरटोर्टे नावाच्या तिथल्या चॉकलेट केकात अंडी, उकडीच्या गोळ्यांत अंडी, हॉलंडेज सॉसमध्ये पण अंडी. शेफने पांढरा अ‍ॅस्परॅगस लोण्यात परतून दिला, बरोबर पार्सली घातलेले बटाटे. आपल्या शतावरीच्या कुळातलाच तो, मातीखाली झाकून वाढवतात, ऊन लागत नाही म्हणून पांढरा राहतो. आजींनी हे ऐकल्यावर दोनदा मागून घेतला आणि मातीचा ढीग किती उंच घालतात ते शेफला बाहेर बोलावून विचारलं, मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होते.

दुसऱ्या दिवशीचं शॉपिंग नातवंडांनी केलं, आजी परत म्युझियमला. आता कराडच्या एका कुटुंबाची चार्टरची चौकशी आलीय, त्यांना मी आधी म्युझियमच्या वेळा पाठवल्यात, विमानाचं कोटेशन नंतर.