मेनिन गेट आणि आमचे पलटणीतले मामा

आमच्या भागात शेतकरी नांगर घालतात तेव्हा बटाट्यांबरोबर तोफेचे गोळेही वर येतात. थापा मारत नाहीये. बेल्जियमच्या ज्या कोपऱ्यात मी राहतो, त्या पश्चिम फ्लँडर्समध्ये पहिल्या महायुद्धातले न फुटलेले गोळे अजून दरवर्षी निघतात. शेतकरी ते उचलून बांधावर नाहीतर विजेच्या खांबाच्या बुडाशी ठेवतो आणि फोन करतो. मग लष्कराचं बाँब निकामी करणारं पथक येऊन ते पुलकापेलच्या तळावर घेऊन जातं. त्यातल्या काहींत शंभर वर्षांपूर्वीचा विषारी वायू अजून शाबूत असतो. मी इथे नवा होतो तेव्हा शेजाऱ्याने सायकलवरून जाता जाता दाखवलं, "हात लावू नको, बास." आणि तो पुढे गेला.

गोळ्यांसारखी माणसंही सापडतात. पाइपलाइन टाकायला चर खणला की कधी बूट, कधी बिल्ला, कधी हाडं. ओळख पटली तर लष्करी इतमामात दफन होतं, आणि त्या सैनिकाचं नाव 'बेपत्ता' म्हणून ज्या भिंतीवर कोरलेलं असतं तिथून ते काढतात.

ती भिंत म्हणजे इपर गावची मेनिन गेट. गाव लहान आहे, आपल्या बार्शीपेक्षाही लहान, पण तेराव्या शतकात युरोपात इथल्या लोकरी कापडाचा दबदबा होता. चौकातली कापडबाजाराची इमारत, लाकेनहाले, पाहिली की त्या काळच्या पैशाचा अंदाज येतो. १९१४ ते १९१८ या चार वर्षांत तोफांनी ती इमारत आणि तिच्यासकट अख्खं गाव जमीनदोस्त केलं. लोकांनी ते परत होतं तसं उभारलं. लाकेनहालेचं काम १९६७ पर्यंत चाललं होतं. सोलापुरात जुन्या मिलच्या भोंग्याच्या आणि टॉवेलच्या मागांच्या गोष्टी ऐकत वाढलेला मी इथे मागांच्याच धंद्यात नोकरीला आलो, त्यामुळे या गावाबद्दल मला जरा जास्तच माया आहे. चालवून घ्या.

मेनिन गेट ही खरं तर वेस. मोर्चावर जाणारे सैनिक या वाटेने गावाबाहेर पडायचे. १९२७ मध्ये तिथे भलीमोठी कमान बांधली आणि ज्यांचा देह मिळाला नाही अशा, ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेतल्या ५४ हजारांहून जास्त सैनिकांची नावं तिच्यावर कोरली. तरी जागा पुरली नाही. १५ ऑगस्ट १९१७ पर्यंतचे इथे (आपल्याला ही तारीख वेगळ्याच कारणासाठी पाठ), त्यानंतरचे जवळपास ३५ हजार काही मैलांवरच्या टाइन कॉटच्या दफनभूमीतल्या भिंतीवर.

दररोज रात्री आठ वाजता पोलीस कमानीखालची रहदारी थांबवतात आणि बिगुलवर 'लास्ट पोस्ट' वाजते. १९२८ पासून हे चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव घेतलं तेवढी चार वर्षं फक्त खंड पडला. ६ सप्टेंबर १९४४ ला पोलिश फौजेने गाव सोडवलं आणि त्याच संध्याकाळी, गावाच्या दुसऱ्या टोकाला अजून गोळीबार चालू असताना, बिगुल पुन्हा वाजला. कोविडच्या दिवसांत प्रेक्षकांना बंदी होती, पण वादन थांबलं नाही.

वाजवणारे कोण? गावच्या अग्निशमन दलाशी जोडलेले स्वयंसेवक. दिवसभर आपापली कामं करायची आणि पाळी असेल त्या रात्री गणवेश घालून वेशीत हजर व्हायचं. भाषण नाही, हारतुरे नाहीत, टाळ्या वाजवायच्या नाहीत असं आधीच सांगतात. कुणाला पुष्पचक्र वाहायचं असेल तर आधी कळवून ठेवायचं. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं. आपल्याकडे असतं तर आठच्या कार्यक्रमाला पाहुणे साडेनऊला आले असते आणि शहिदापेक्षा मोठा फोटो फ्लेक्सवर दुसऱ्याच कुणाचा तरी असता. मी सोलापूरकर आहे, मला हे बोलायचा हक्क आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझे मामा आणि मामी आले. मामा मोहोळ तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त. ब्रुसेल्स दाखवलं, चॉकलेटची दुकानं दाखवली, मामांनी सगळ्याला "बरं हाय" म्हटलं. मेनिन गेटला मात्र ते सातलाच जाऊन उभे राहिले. बिगुलाचा पहिला सूर निघाला आणि माझ्या शेजारचा गुडघेदुखीचा माणूस ताठ झाला. धून तीच, आपल्या सैन्यात अंत्यसंस्काराला वाजते ती. मामींनी माझ्या कानात सांगितलं, "आता ह्यांच्याशी बोलू नगंस."

नंतर ते भिंती वाचायला लागले. हिंदुस्थानी सैनिकांची चारशेच्या आसपास नावं तिथे आहेत, पलटणवार. शीख, पठाण, गुरखा, गढवाली. शिवाय बाहेर तटबंदीवर अशोकस्तंभाच्या सिंहांचं भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. मामांचा प्रश्न सरळ होता, "आपली माणसं कुठं हायेत?"

आपली माणसं शोधायला दुसऱ्या दिवशी सीमा ओलांडून फ्रान्समध्ये नव-शापेलला गेलो. गाडीने तासाभराच्या आत. तिथलं स्मारक फक्त हिंदुस्थानी सैनिकांचं आणि मजुरांचं, ४,७०० हून अधिक नावांचं. मधोमध कमळाचा माथा असलेला उंच खांब आहे आणि त्यावर ईश्वर एक आहे, विजय त्याचाच, अशा अर्थाची ओळ इंग्रजी, हिंदी, अरबी आणि गुरमुखीत आहे. १९१४ च्या सप्टेंबरअखेरीस हिंदुस्थानी फौज मार्सेय बंदरात उतरली आणि ऑक्टोबरात इथल्या चिखलात, अंगावर उन्हाळी सुती कपड्यांनिशी, खंदकांत पोचली. २८ ऑक्टोबरला या गावावर जो हल्ला झाला त्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या, २० आणि २१ नंबरच्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, सुरुंग लावणारे. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं संगीन लावून घराघरांत घुसवलं. त्यांचे जवळजवळ सगळे इंग्रज अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले.

मामा सॅपर्स अँड मायनर्सच्या नावांपाशी बराच वेळ होते. बऱ्याच नावांना आडनाव नाही. मामींनी पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसून खाल्ली. तेव्हा मी मनातली गोष्ट विचारली. ती विचारण्यासाठी सोलापूरचाच असावं लागतं असं मला वाटतं.

आपल्या गावाने चार हुतात्मे दिले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या मार्शल लॉनंतर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. बरोबर एक महिन्याने, १२ फेब्रुवारी १९३१ ला, दिल्लीत इंडिया गेटचं उद्घाटन झालं. तेच सरकार, तोच व्हाइसरॉय आयर्विन. एकीकडे आपल्या चौघांना फासावर द्यायचं आणि दुसरीकडे त्याच सरकारसाठी मेलेल्या हिंदी शिपायांची नावं दगडात कोरायची. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापुढे वाकणाऱ्या माणसाने त्या दगडापुढे काय करायचं? मी मामांना असंच विचारलं, थोडं सौम्य करून.

मामांनी चटणीचं बोट चाटलं. "पगार किती व्हता त्यास्नी?"

"अकरा रुपये महिना."

"मंग?" म्हणाले. "दुष्काळात अकरा रुपये कोन देतंय?"

हा एक भाग झाला. हिंदुस्थानात तेव्हा सक्तीची भरती नव्हती, पण पोटाची सक्ती होतीच. दुसरा भाग असा, की त्या वेळी सैन्यात जाणं हे देशाविरुद्ध आहे असं मोठमोठ्या नेत्यांनाही वाटत नव्हतं. १९१८ मध्ये खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव हिंडले. लढाईत मदत केली तर स्वराज्य पदरात पडेल अशी आशा होती. पदरात रौलट कायदा पडला. त्याचा हिशेब त्या अकरा रुपयेवाल्याकडे मागणं मला बरोबर वाटत नाही. आणि हे शिपाई काही अडाणी बाहुले नव्हते. फ्रान्समधून घरी जाणारी त्यांची पत्रं सरकार उघडून वाचायचं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते काळी मिरी किती संपली, लाल मिरची किती, असं कळवायचे. काळी म्हणजे आपली माणसं, लाल म्हणजे गोरी. कुठली जास्त खर्ची पडतेय हे घरच्यांना बरोबर कळायचं.

पण मराठा पलटणी खऱ्या खपल्या त्या युरोपात नाही, इराकात. तेव्हाचं मेसोपोटेमिया. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३ आणि ११० नंबरच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत ही फौज तैग्रिसकाठी कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. उपासमार झाली. घोडे कापून खायची वेळ आली आणि कित्येक हिंदी सैनिकांनी ते मांस बरेच दिवस तोंडात घेतलं नाही. शेवटी सुमारे १३ हजार माणसं शरण गेली आणि कैदेत वाळवंटातून चालता चालता त्यातली फार मेली.

त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे, ४० हजारांवर सैनिकांचं. इथे मला राग येतो. त्या भिंतीवर गोऱ्या शिपायाचं नाव आहे, हिंदी सुभेदार-जमादाराचंही आहे. साध्या हिंदी शिपायासाठी मात्र पलटणीखाली नुसता आकडा होता: आणि इतके इतर हिंदी सैनिक. नावं कुठे, तर नोंदवहीत. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगानेच अहवाल काढून मान्य केलं, की आशिया-आफ्रिकेतल्या लाखाहून अधिक सैनिकांची एक तर नावानिशी नोंद झाली नाही, नाहीतर मुळीच झाली नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. इपरची शिस्त बघून मी भारावतो ते खरं, पण तोच मान बसऱ्यात रंग आणि हुद्दा बघून वाटला गेला, हेही तितकंच खरं आहे.

परक्या युद्धात गेलेला माणूस सोलापूरला अनोळखी नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानशी लढणाऱ्या सैनिकांवर आघाडीवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. श्र-च्या-च्वांग शहरात त्यांची समाधी आहे आणि चिनी लोक आजही तिथे फुलं वाहतात. भैय्या चौकात आपण त्यांचं स्मारक केलंय. ते करणं सोपं होतं, कारण कोटणिसांनी बाजू स्वतः निवडली आणि ती बाजू आपल्याला पटणारी होती. कूतमधल्या शिपायाला निवड नव्हती. मामांनाही नव्हती.

हे मला त्या बाकावर कळलं. मामा १९८७ मध्ये शांतिसेनेत, श्रीलंकेत जाफन्याला होते, एवढं घरात माहीत होतं. पुढचं कुणी विचारलं नव्हतं. "मला कुनी इचारलं न्हाई, येतूस का म्हनून," ते म्हणाले. "इमानात बसवलं. उतारलो तवा लोकांनी हार घातलं. आक्टोबरात त्याच गल्लीतनं गोळ्या आल्या." त्यांच्या सेक्शनमधले दोघे तिथेच राहिले. एक कोल्हापूर भागातला, एक बीडचा. नावं त्यांनी घेतली, मी इथे लिहीत नाही. शांतता राखायला गेलेल्या आपल्या सैन्याचे जवळपास बाराशे जवान तिथे पडले. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. ते युद्ध कुणालाच आपलं वाटत नव्हतं. त्या जवानांच्या नावांची भिंत पुढे बांधली ती श्रीलंकेने, कोलंबोजवळ, २००८ मध्ये.

मी म्हटलं, "मामा, तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाईट कशाचं? माजी पेन्शन चालू हाय," असं म्हणून ते हसले. मग जरा थांबून म्हणाले, "त्या दोगांच्या घरला जायाला पायजे व्हतं कुनीतरी, दरसाली." परतताना गाडीत त्यांनी मला बीडच्या त्या गावाला एसटी कुठून कशी बदलावी लागते ते सविस्तर सांगितलं. ते स्वतः जातात. मामींनाच काय ते ठाऊक होतं.

आता कामाचं. युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर सैनिकांची नावं फुकट शोधता येतात. हिंदी सैनिकांच्या नोंदीत बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका असतो. जिल्हा जुन्या इंग्रजी वळणाने 'शोलापूर' असा शोधा आणि गावांची स्पेलिंगं दोन-चार प्रकारे घालून बघा. शिवाय १९१९ नंतर सरकारने अनेक गावांत दगडी पाट्या बसवल्या होत्या: या गावातून इतके जण महायुद्धास गेले, पैकी इतके मेले. साताऱ्याकडच्या अपशिंगे गावाची ४६ जणांची पाटी प्रसिद्ध आहे. आपल्या जिल्ह्यातही चावडीच्या भिंतीत, शाळेच्या पडवीत, देवळाच्या ओट्याला अशी पाटी दिसली तर मला फोटो पाठवा. मामांनी मोहोळ आणि माढा तालुके स्वतःकडे घेतलेत, तेव्हा बाकीचे बघा. चुन्याखाली बुजलेली असेल तर खरवडू नका. नुसतं पाणी मारा आणि उन्हं तिरपी असताना फोटो काढा, अक्षरं वाचता येतात.