गणपतीचे पैसे माघातच का देता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गणपती भाद्रपदात, मग मूर्तीचे पूर्ण पैसे माघातच का देऊन टाकता, हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

मूर्तिकाराचा खर्च वर्षभर चालतो आणि पैसा हातात येतो तो चतुर्थीच्या आसपास. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत विसर्जनानंतर लवकरच पुढच्या वर्षाचं काम सुरू होतं. शाडू बहुतेक गुजरातहून येते, ती आधीच भरून ठेवावी लागते. कारागिरांची मजुरी, रंग, जागेचं भाडं यांसाठी कर्ज काढायचं आणि व्याज भरत राहायचं. चतुर्थी उलटली की उरलेल्या मूर्तीला गिऱ्हाईक नाही. ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून पुढच्या वर्षापर्यंत सांभाळायची. माघात दिलेले पैसे म्हणजे तेवढं कमी कर्ज.

२०२० साल आठवून बघा. आधी टाळेबंदी, मग ३ जूनला अलिबागजवळ धडकलेलं निसर्ग वादळ. कारखान्यांचे पत्रे उडाले, मूर्ती भिजल्या. जुलैत सरकारने मंडळांच्या मूर्तीला चार फुटांची आणि घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली, तोवर उंच मूर्ती घडवून झाल्या होत्या. पीओपीच्या, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचंही तसंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये बंदी सांगितली, मग ती वर्षभर पुढे ढकलली. पुढे २०२५ पर्यंत प्रकरण कोर्टात फिरत राहिलं. काय घडवायचं हेच ज्याला वेळेवर कळत नाही, त्याने भांडवल कशात घालायचं?

मी शाडूचीच मूर्ती घेते. पण ती वाळायला वेळ लागतो, पावसाळी हवेत तर फारच. वजनाला जड, आणि वाटेत हिसका बसला की तडकते. ती पीओपीच्या भावात मागणं मला अन्यायाचं वाटतं.

आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे-भुवया रंगवणं, चालू असताना एकदा तरी शेजारी बसून बघा. कारागीर कुंचल्याचं टोक बोटांवर फिरवून नीट करतो, श्वास धरतो आणि भुवई एका दमात ओढतो. मधे हात थांबला तर रेघ जाड होते, मग ती पुसून पुन्हा रंग द्यायचा. हा हात तयार व्हायला वर्षं जातात. आणि असे हात आज कंपनीत पॅकिंगला जातात, कारण तिथे पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो.

मूर्तिकारांना देणगी द्यावी का, असंही विचारतात. अडचणीत जरूर द्या, पण त्यांना हवं असतं काम. कोकणात चित्रशाळेत, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात, पाट नेऊन दिला की मूर्ती ठरली, अशी रीत आहे. त्या पाटाबरोबर पैसेही ठेवा. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून शिमग्याच्या आत मागणी नोंदवली, तर माती किती भरायची याचा त्यांना अंदाज येतो. हात आखडता असेल तर लहान मूर्ती घ्या, पण ठरल्या भावात घ्या.

आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना कळकळीची विनंती: वर्गणी जमेल तशी जमो, मूर्तिकाराची बाकी आगमनाच्या आधी चुकती करा.