गुरू कोण, असं तुम्ही विचारलंत म्हणून

वॉर्डात रुग्णांचे नातेवाईक विचारतात, नव्याने रुजू झालेल्या मुली विचारतात, आणि लग्नकार्यात भेटलेल्या बायका तर हमखास विचारतात, "तुम्ही अनुग्रह कुणाचा घेतलाय?" मी सांगते, कुणाचाच नाही, मी विनोबांची 'गीता प्रवचने' वाचते. त्यावर दुसरा प्रश्न येतो, आणि मनातला खरा प्रश्न तोच असतो. नुसतं पुस्तक वाचून साधना होते का?

माझ्यापुरतं उत्तर 'होते' असं आहे. ते उभ्या उभ्या, एका हातात ट्रे घेऊन सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आधी पुस्तकाविषयी. 1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी ते सोबतच्या कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी तिथेच शिक्षा भोगत होते, त्यांनी ते सगळं बोलणं उतरवून घेतलं. ते नसते तर ही वाणी तिथल्या तिथे विरून गेली असती. ही प्रवचनं पंडितांसाठी नव्हतीच. समोर बसलेली माणसं घरदार मागे टाकून आलेली होती, सुटका कधी होईल याचा नेम नव्हता. त्यांना दिलासा म्हणून काही गोड सांगणं सोपं होतं. विनोबांनी ते केलं नाही. पहिल्याच प्रवचनात त्यांनी अर्जुनाची वकिली साफ नाकारली. अर्जुनाला अहिंसा सुचली नव्हती, समोर आपली माणसं दिसली म्हणून त्याला मोह झाला होता, असं ते सांगतात. त्यासाठी एका न्यायाधीशाचा दाखला देतात. त्याने कित्येकांना फाशी दिलेली असते, आणि स्वतःचा मुलगा खुनी म्हणून समोर उभा राहिला तेव्हा मात्र त्याला फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला हा दाखला कुठे लागतो ते सांगायला नको. ओळखीचा पेशंट आला की नियम कसे मऊ होतात, हे आम्ही रोज पाहतो.

पण मला धरून ठेवलं ते चौथ्या अध्यायाने. तिथे कर्म, विकर्म आणि अकर्म असे तीन शब्द येतात. विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म असा अर्थ पुष्कळ टीकाकारांनी केला आहे. विनोबा तो घेत नाहीत. हातांनी चाललेल्या कामाला आतून मनाची जी जोड द्यावी लागते, ते त्यांच्या मते विकर्म. ही जोड मिळाली की कामाचं ओझं राहत नाही, तेच अकर्म. हे समजावताना त्यांनी उदाहरण घेतलं आहे ते रोग्याच्या शुश्रूषेचं! सेवा चालू आहे पण आत कोमल दयाभाव नाही, तर ती सेवा नीरस होते, करणाऱ्याला कंटाळा येतो आणि रोग्यालाही तिचं ओझं वाटतं. शिवाय तिच्यातून अहंकार निपजतो : मी याच्यासाठी इतकं केलं, आता यानेही माझ्या उपयोगी पडावं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. ड्युटीवर असताना कुणी तरी शेजारी उभं राहून आपल्या हातांकडे बघतंय, असं वाटलं.

तोपर्यंत माझी समजूत अशी, की अध्यात्म म्हणजे ड्युटी संपल्यानंतरची गोष्ट. आंघोळ, दिवा, स्तोत्र. नाईट असली की तेही नाही. विनोबांनी ही फट बुजवली. त्यांनी माझ्या दिवसात एकही नवीन काम वाढवलं नाही, आहे त्याच कामात शिरायला सांगितलं. बेडपॅन, ड्रेसिंग, इंजेक्शन, हँडओव्हर हे सगळं तसंच राहिलं. हे सगळं करताना मन कुठे असतं, एवढं मात्र दिवसातून अनेकदा तपासलं जाऊ लागलं.

फळाच्या त्यागाचं तर विशेष सांगायला हवं, कारण आमच्या कामात त्याचा सगळ्यात उलटा अर्थ लावला जातो. 'आपण आपलं करायचं, पुढचं देवाच्या हातात' असं म्हणून हात झटकता येतात. विनोबा दुसऱ्या अध्यायात नेमकं याच्या उलट सांगतात. ज्याचं चित्त फळात अडकलंय त्याचं अर्धं लक्ष फळाकडे जातं. ज्याने फळ सोडलं त्याचं सगळं लक्ष कामावर असतं, म्हणून त्याचं काम दुसऱ्यापेक्षा कितीतरी सरस झालं पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोअर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. जो बरा होऊन घरी जाणार आहे त्याची कूस बदलायला उत्साह असतो. ज्याच्याविषयी डॉक्टरांनी घरच्यांना सांगून टाकलंय, त्याच्या बाबतीत पहाटे चारला हात जड होतात. तेव्हा मला दुसरा अध्याय आठवतो. फळ नाहीच, हे तिथे ठरलेलंच आहे. राहिलं फक्त काम, आणि ते स्वच्छ करायचं. चादरीची एक सुरकुती राहू द्यायची नाही.

पुस्तकाला मर्यादा आहे, हे मला मान्य आहे. ते रागावत नाही, आपल्या सोयीच्या ओळीखाली रेघ मारली तरी गप्प बसतं. गुरूसमोर पळवाट चालत नाही, पुस्तकासमोर चालते. म्हणून मी टोचणारी पानं मुद्दाम पुन्हा वाचते. सहाव्या अध्यायात चित्ताची एकाग्रता, जीवनातली परिमितता आणि समदृष्टी या तिन्हींची मागणी आहे. त्यातली परिमितता, म्हणजे खाणं, झोप, बोलणं सगळं मापात, ही शिफ्ट ड्युटीत फार अवघड जाते. विनोबांचा संयम ब्रह्मचाऱ्याचा होता, तो संसारी बाईने जसाच्या तसा उचलावा असंही मला वाटत नाही. दिशा मात्र त्यांचीच घेते.

आणि शब्दांनी माणूस हलतो, याचा पुरावा खुद्द विनोबाच आहेत. 1916 साली ते काशीत होते. बनारस हिंदू विद्यापीठातल्या गांधीजींच्या भाषणाचा वृत्तान्त त्यांनी वर्तमानपत्रात वाचला, गांधीजींना पत्रं लिहिली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते अहमदाबादच्या कोचरब आश्रमात पोचले. वाचनानंतर ते उठून चालू लागले, हे महत्त्वाचं. पुढे 'गीताई' लिहिली गेली त्याच्या मुळाशी तर आईची तक्रार होती : संस्कृत गीता कळत नाही. मराठीत तूच का करत नाहीस, असं तिने मुलाला विचारलं होतं. गीताई पूर्ण झाली ती 1931 मध्ये, तेव्हा आई हयात नव्हती.

तुम्हाला कुणाचा अनुग्रह घ्यावासा वाटत असेल तर जरूर घ्या, मी अडवणार नाही. पुस्तकापासून सुरुवात करायची असेल तर घाईने संपवू नका. ते बोललं गेलं तसंच वाचा, आठवड्याला एक अध्याय, शक्यतो मोठ्याने. एकदम चौथा उघडलात तरी चालेल. वाचून झाल्यावर त्या आठवड्यात तुमचं जे काम असेल, पोळ्या, हिशेब, शेत, वर्ग, त्यात तो अध्याय लावून बघा. काही अडलं तर मला विचारा, दुपारी दोननंतर मी मोकळी असते.