५.९० आणि ६.४९ यांच्या मधली जागा

इंदूरच्या ज्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते, तिथे एमएस्सीच्या शेवटच्या सत्राला क्ष-किरण डिटेक्टरच्या कॅलिब्रेशनचं एक प्रॅक्टिकल असतं. मुलांना ते कंटाळवाणं वाटतं. लोह-५५ चा बारीकसा स्रोत सिलिकॉन डिटेक्टरसमोर ठेवायचा, मोजणी लावायची, पडद्यावर शिखरं चढेपर्यंत थांबायचं आणि चॅनेल क्रमांकासमोर ऊर्जा मांडून रेघ ओढायची. एरवी तासाभरात मुलं जर्नलवर सही घेऊन निघतात. गेल्या उन्हाळ्यातल्या एका दुपारी मात्र लॅबमधले भैया कुलूप घेऊन दारात उभे राहिले तरी कोणी उठायला तयार नव्हतं.

लोह-५५ चं केंद्रक आपल्याच आतल्या कक्षेतला एक इलेक्ट्रॉन गिळतं आणि मँगनीज होतं. ती रिकामी जागा भरायला वरचा इलेक्ट्रॉन खाली उतरतो आणि क्ष-किरण बाहेर पडतो. त्यामुळे पडद्यावर मँगनीजच्या दोन रेषा दिसतात: एक उंच, ५.९० केईव्हीला (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट), आणि तिच्या उजवीकडे एक बुटकी, ६.४९ ला. आम्ही वाटेत टायटॅनियमचा पातळ पत्रा धरला होता, म्हणून ४.५१ लाही एक शिखर आलं होतं. ४.१६ च्या आसपास आणखी एक उंचवटा होता. तो कुठल्याच मूलद्रव्याचा नाही. डिटेक्टरमधल्या सिलिकॉनचा स्वतःचा १.७४ केईव्हीचा किरण निसटला की ५.९० मधून तेवढी ऊर्जा वजा होते आणि हे खोटं शिखर उभं राहतं. ते कुठून आलं हे मुलांनी स्वतः शोधावं, असा माझा दरवर्षी आग्रह असतो.

राजेंद्रनगरची एक विद्यार्थिनी आहे. वर्गात हिंदी, पण माझ्याशी एकटीच असली की मराठी. ती म्हणाली, "मॅडम, सकाळी तुम्ही प्रबल आंतरक्रिया शिकवता आणि दुपारी इथे नुसतं विद्युतचुंबकीय. ती क्ष-किरणांत कधीच दिसत नाही का?"

साध्या अणूत खरंच दिसत नाही, कारण इलेक्ट्रॉनला प्रबल बल, म्हणजे केंद्रक बांधून ठेवणारं बल, जाणवतच नाही. पण इलेक्ट्रॉन काढून त्याच्या जागी ऋण केओन हा अल्पायुषी कण बसवला तर? केओनवर विद्युतभार तेवढाच, वस्तुमान मात्र इलेक्ट्रॉनच्या ९६६ पट, आणि प्रबल बल त्याला पुरेपूर जाणवतं. मी खडू तिच्या हातात दिला आणि म्हटलं, बोरचं जुनं सूत्र घे, फक्त वस्तुमान बदल.

प्रोटॉन काही केओनपेक्षा फार जड नाही, म्हणून दोघांचं मिळून लघुकृत वस्तुमान घ्यावं लागतं. ते तिने न सांगता घेतलं याचा मला आनंद झाला. इलेक्ट्रॉनच्या ६३३ पट. कक्षेची त्रिज्या ८४ फेम्टोमीटर. दुसऱ्या पातळीवरच्या २पी वरून सगळ्यात आतल्या १एस वर उतरताना निघणारा किरण ६.४६ केईव्ही. दुरुस्ती, मुख्यतः निर्वात ध्रुवीकरणाची (पोकळीत क्षणभर उमटणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्यांच्या परिणामाची), आणखी वीसेक इलेक्ट्रॉनव्होल्ट घालते, म्हणजे ६.४८.

ती फळ्यावरून पडद्याकडे वळली. "मॅडम, पण हे तर इथेच आहे." तिचं बोट मँगनीजच्या त्या बुटक्या रेषेवर होतं, ६.४९ वर.

इतकी वर्षं मी हे प्रॅक्टिकल घेते आहे आणि केऑनिक हायड्रोजनबद्दलही, म्हणजे प्रोटॉन आणि केओनच्या या अणूबद्दलही, शिकवते आहे. हे दोन आकडे असे शेजारी उभे आहेत हे सांगायला मला तिचं बोट लागलं. प्रबल बल अस्तित्वातच नसतं तर केऑनिक हायड्रोजनची रेषा आमच्या टेबलावरच्या या रेषेला जवळजवळ चिकटून आली असती. ती येते कुठे? इटलीत फ्रास्काटीला डॅफ्ने या कोलायडरवर सिद्धार्ता प्रयोगाने ते मोजलं आणि २०११ मध्ये जाहीर केलं: २८३ इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली, म्हणजे ६.२० ला. आमच्या पडद्यावर तिथे दोन शिखरांच्या मधली रिकामी दरी होती.

आणि रेषेची रुंदी ५४१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. मँगनीजच्या दोन रेषांमधलं अंतर ५९०. म्हणजे ती एकटी रेषा जवळजवळ अख्खी दरी व्यापून बसली असती. मुलांना ही गोष्ट सरकण्याहूनही जास्त भिडली. रुंदी म्हणजे आयुष्य: रेषा जितकी रुंद तितकं आयुष्य कमी. १एस कक्षेत पोचलेला केओन साधारण १०⁻¹⁸ सेकंदात प्रोटॉनकडून शोषला जातो. मोकळा केओन सरासरी १२ नॅनोसेकंद जगतो, तेही इथे अनंतकाळासारखं. इतकं क्षणभंगुर काहीतरी आपण रेषेच्या जाडीवरून वाचतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

एकाने विचारलं, आपल्या इंडस-२ वर हे करता येईल का? इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन जिथे आहे ते राऊच्या वाटेवरचं आरआरकॅट संशोधन केंद्र आम्हा इंदूरकरांना जवळचं, त्यामुळे प्रश्न अगदी स्वाभाविक होता. इंडस-२ मधल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा २.५ जीईव्ही, म्हणजे २५०० एमईव्ही (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट), डॅफ्नेतल्यापेक्षा जवळपास पाचपट. पण ते यंत्र प्रकाश मिळवण्यासाठी आहे, तिथे टक्कर नसते. डॅफ्नेत ५१० एमईव्हीचे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आदळतात, त्यातून फाय मेसॉन नावाचा कण तयार होतो आणि साधारण निम्म्या वेळा तो धन आणि ऋण केओनच्या जोडीत फुटतो. हे केओन अतिशय मंद असतात, जेमतेम १६ एमईव्हीचे. त्यामुळे ते विरळ हायड्रोजन वायूत थांबवता येतात. वायू विरळ असणं फार महत्त्वाचं. द्रव हायड्रोजनमध्ये शेजारचे रेणू सारखे आपटतात, कक्षांची सरमिसळ होते आणि केओन खाली उतरायच्या आधीच वरच्या कक्षेतून शोषला जातो. क्ष-किरण फारच क्वचित निघतो.

मग वर्गातला सगळ्यात संशयी मुलगा बोलला. मला तो म्हणूनच आवडतो. "२८३ हा आकडा प्रबल बलाचाच, हे कशावरून? कॅलिब्रेशन चुकलं असेल. दुसरी कुठली रेषा मिसळली असेल." मी म्हटलं, मिसळतेच. केओन नेहमी हायड्रोजनमध्येच थांबतात असं नाही, काही भांड्याच्या भिंतीतही थांबतात आणि भिंत असते प्लॅस्टिकची. त्यातल्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनचेही केऑनिक अणू तयार होतात. ऑक्सिजनची सातव्यावरून सहाव्या पातळीवर उतरण्याची रेषा कुठे येते, काढा. निघाली ६.०. अगदी त्या रुंद शिखराच्या उतारावर.

त्या दुपारचा मुख्य भाग इथून सुरू झाला. संगणकावर आम्ही एक कृत्रिम स्पेक्ट्रम बनवला: ६.२० ला ५४१ रुंदीची रेषा, तिच्यावर आमच्या डिटेक्टरचा दीडशे इलेक्ट्रॉनव्होल्टचा धूसरपणा, ६.० ला ऑक्सिजन, खाली भरपूर पार्श्वभूमी. मग दोन गट केले. ऑक्सिजनची रेषा आहे हे एका गटाला सांगितलं, दुसऱ्या गटाला नाही सांगितलं. दुसऱ्या गटाचा वक्र छान बसला, दिसायला काहीच खोट नव्हती, पण त्यांचं उत्तर खालच्या ऊर्जेकडे सरकलेलं होतं. प्रबल बल होतं त्याहून मोठं निघालं. सिद्धार्ताने यावर जो उपाय केला तो मला फार सुंदर वाटतो: त्याच भांड्यात ड्यूटेरियम (केंद्रकात एक न्यूट्रॉनही असलेला हायड्रोजन) भरून वेगळी मोजणी केली. ड्यूटेरियमची स्वतःची रेषा इतकी क्षीण की दिसत नाही, भिंतींच्या रेषा मात्र तशाच येतात. दोन्ही स्पेक्ट्रम एकत्र बसवले की कुणाचं काय ते वेगळं काढता येतं.

ही नुसती काळजीपोटी केलेली कसरत नव्हती. १९७९ ते १९८३ दरम्यानच्या तीन मोजण्यांत सरकण्याची दिशाच उलटी आली होती. प्रोटॉनवर केओन आदळवण्याचे प्रयोग सांगत होते रेषा खाली जायला हवी, क्ष-किरण सांगत होते वर जाते. हे कोडं दीड दशक तसंच पडून राहिलं. १९९७ मध्ये जपानच्या केईके प्रयोगशाळेत वायूरूप हायड्रोजन वापरून, आणि दोन भारित पायॉन (केओनहून हलके कण) निघालेल्या घटनाच निवडून, केलेली मोजणी जाहीर झाली तेव्हा रेषा खालीच आहे हे कळलं. केऑनिक हीलियमचंही तेच. जुन्या प्रयोगांत चाळीसच्या वर इलेक्ट्रॉनव्होल्ट सरकलेली रेषा केईकेलाच पुन्हा मोजली आणि २००७ मध्ये निकाल जाहीर झाला तेव्हा सरकणं मोजणीच्या अनिश्चिततेत जवळजवळ शून्यावर आलं.

रेषा खाली म्हणजे १एस पातळी वर ढकलली गेलेली, म्हणजे प्रतिकर्षण. "पण केओन आणि प्रोटॉन तर एकमेकांना ओढतात, असं तुम्हीच सांगितलंत," राजेंद्रनगरची विद्यार्थिनी म्हणाली. ओढतात, आणि इतकं जोरात ओढतात की दोघांच्या एकत्रित वस्तुमानाच्या उंबरठ्याच्या २७ एमईव्ही खाली लॅम्डा-१४०५ ही बद्ध अवस्था तयार होते. ती खाली बसली की तिच्या वरच्या अणुपातळीला वर सरकावं लागतं. आकर्षण पुरेसं तीव्र झालं की बाहेरून ते प्रतिकर्षणासारखं दिसतं. हे मी फळ्यावर लिहून काढलं तेव्हा संशयी मुलगाही गप्प बसून उतरवून घेत होता.

पायॉनच्या अणूंवर मी थोडंच बोलले. तिथे सरकणं जेमतेम ७ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. स्वित्झर्लंडमध्ये वाकवलेल्या स्फटिकांनी ते जवळपास शतांश इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत अचूक मोजलं आहे. तो वेगळ्याच कौशल्याचा विषय आहे आणि त्याला पूर्ण तास द्यायला हवा.

एकट्या प्रोटॉनवरून केओनचं चित्र अर्धंच मिळतं. न्यूट्रॉनशी तो कसा वागतो हे कळायला केऑनिक ड्यूटेरियम हवं, आणि सिद्धार्ताचा पुढचा टप्पा, सिद्धार्ता-२, त्याच्यासाठीच उभा केला गेला. विद्यार्थिनीने प्रोजेक्टला हाच विषय मागितला: आधी ती क्षीण रेषा कुठे यायला हवी ते काढायचं, मग तिच्या आसपास कोण कोण आहे ते. प्रबल बल न धरता रेषा तिने तिथेच काढली, ७.८ च्या आसपास. मग पोरं पुस्तकातला तक्ता उघडून आजूबाजूच्या रेषा वाचू लागली. निकेल ७.४८. केऑनिक नायट्रोजन ७.६. तांबं ८.०५.

"तांबं तर वायरीत पण असतं," ती म्हणाली आणि वहीत प्रोजेक्टचं पहिलं काम लिहून टाकलं: भांड्याभोवती तांबं कुठे कुठे आहे, याची यादी.